लायनरमामा आणि दोन क्लचची गाडी

लायनरमामा गाडी आधी नाकाने बघत, मग डोळ्यांनी. आंबेनळी घाट उतरून पोलादपुरात शिरताना रस्त्याच्या कडेला काकींची चहाची टपरी आहे, तिथल्या बाकाचं एक टोक त्यांच्या मालकीचं होतं. महाबळेश्वराहून आलेली एखादी गाडी समोर थांबली, की बशीतला चहा तसाच ठेवून ते नाक जरासं वर करत आणि निकाल देऊन टाकत, "ब्रेकचं लायनर जाळलंन." एकदा चाकातून धूर येणाऱ्या गाडीतून एक तरुण घाबरून उतरला आणि म्हणाला, "काका, गाडीतून धूर का येतोय?" मामा शांतपणे म्हणाले, "गाडीतून नाय रे, तुझ्या पायातून येतोय."

त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं. उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत त्यांचं घर. पस्तीस-चाळीस वर्षं महाडहून घाटावर माल वाहणारा ट्रक चालवला आणि गुडघे बोलायला लागल्यावर बाकावर येऊन बसले. पण ते निवृत्त झाले असं म्हणणं चुकीचं ठरेल. घाट उतरणाऱ्या प्रत्येक माणसाची परीक्षा घेण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं, आणि त्यात नापास होणारेच जास्त होते.

मीही नापास होऊनच त्यांच्यापुढे आले. माझा डावा पाय लहानपणापासून अधू आहे, क्लच दाबण्याइतकं बळ त्यात नाही. मी शिकवते ती शाळा घाटातल्या एका वाडीत, घर महाडला, आणि एसटीच्या वेळा शाळेच्या वेळांशी कधी जुळल्या नाहीत. वर्षभर बाबांनी मला सोडलं-आणलं. मग मी स्वतःच्या पगारातून ऑटोमॅटिक गाडी घेतली, दोन क्लचवाली. दुकानदाराने क्लचचं पेडलच नसलेल्या गाडीत दोन क्लच कसे असतात ते अर्धा तास समजावलं आणि मला एवढंच कळलं की डावा पाय लागणार नाही. त्या दिवशी मी पेढे वाटले होते.

चढताना गाडी लोण्यासारखी गेली. उतरताना मात्र तिने रंग दाखवले. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की तिला वाटे बाईंना आता आरामात जायचंय, की लगेच वरचा गिअर. तिसरा, चौथा, पाचवा. इंजिन गप्प आणि गाडी सुसाट. मी अख्खा घाट ब्रेक दाबून उतरले. शेवटी शेवटी पेडल मऊ लागायला लागलं, आणि टपरीसमोर येऊन थांबले तर बाकावरून आवाज आला, "काकी, ह्या बायला आधी पाणी द्या. आनि चाकावर पाणी वतू नका, ती आपली आपण थंड होतील."

गाडीत क्लचचं पेडल नाही हे बघून मामांनी तोंड वाकडं केलं. "क्लच नाय तर गाडी कसली? ही तर पाळण्यात बसल्यावानी." पण माझ्या पायाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. "उद्या शाळा सुटल्यावर मला घाटात घेऊन चल," ते म्हणाले. "हिची खोड काय ती बघू."

जळका वास माझ्याआधी घरी पोचला होता. बाबांनी चाकांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "गाडी विकू. तू महाडच्या शाळेत बदली माग." बाबा रागावले असते तर मी भांडले असते. ते तर घाबरले होते. पण ती वाडी, ती पोरं, दुपारी खिडकीतून शाळेत शिरणारे ढग, हे सगळं सोडून मला कुठेही जायचं नव्हतं. मी महिन्याची मुदत मागून घेतली.

तो महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा महिना. पहिल्या दिवशी मामा म्हणाले, "आधी मी चालवून बघतो." बसले, निघाले, आणि गिअर बदलायची वेळ झाली असं वाटल्याबरोबर त्यांच्या डाव्या पायाने सवयीने क्लच दाबला. तिथे होता ब्रेक. आम्ही दोघं समोरच्या काचेला नमस्कार करून परत आलो. पन्नास पावलांवर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाडी अशी थांबली तेव्हा मागच्या टेंपोवाल्याने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना ब्रेकवरून बोलणारा हा माणूस लाजेने लाल झाला. मग त्यांनी चप्पल काढली, डावा पाय उचलून मांडीखाली घेतला आणि माझ्याकडे बघून मिश्किल हसले. "आता तुझा एक, माझा एक. झालो का नाय सारखे?" माझ्या पायाबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटले होते. त्याच्यावर माझ्यासोबत हसणारे ते पहिलेच. मला ते फार फार आवडले.

गाडीची खोड त्यांनी कानाने पकडली. गिअरचा दांडा बाजूला सारून गिअर आपल्या हातात घेता येतो, हे मी माहितीपुस्तकात वाचून दाखवलं आणि ते उडालेच. "आगो, मग हे आधी नाय का सांगायचं!" दांडा खाली ओढून दुसरा टाकला, इंजिन गुरगुरलं आणि गाडी मागून कोणी धरल्यासारखी सावकाश उतरू लागली. एका क्लचवर दुसरा गिअर चालू असतो तोवर दुसऱ्या क्लचवर पुढचा तयार असतो, हे त्याच पुस्तकातलं ऐकून तर ते खूश झाले. "म्हंजे आपली काकी. एक पातेलं उतरवायच्या आधी दुसरं चढवलेलं."

एकदा मी वेगात असतानाच घाईने पहिला टाकायला गेले. गाडीने टुंग केलं आणि ऐकलंच नाही. मामांनी टाळी वाजवली. "नाय म्हनाली! माझा ट्रक गपचूप ऐकायचा आनि मग गिअरचे दात मोडायचा. ही तोंडावर सांगते. हुशार हाय." त्या दिवसापासून ते तिला 'ती' म्हणू लागले, पाळणा नाही.

त्यांनी तिचा कावाही शोधून काढला. तीव्र वळणावर वेग अगदी चालण्याइतका झाला, की इंजिन बंद पडू नये म्हणून ती आपणहून क्लच दाबल्यासारखं करते आणि क्षणभर मोकळीच घरंगळते. "हितं ही हात सोडते, बघ. घाबरायचं नाय. तेवढा वेळ तू धर, मग ती धरंल." ब्रेकबद्दल त्यांचं एकच सांगणं होतं. "मिठासारखा टाकायचा. लागंल तेवढा, आनि वर झाकण." कधी मी ब्रेकवर पाय ठेवून रेंगाळले की ते खिडकीकडे बघत म्हणत, "खारट झालं."

मी विचारलं, उतारावरच एवढा जीव का? तेव्हा त्यांनी सांगितलं, की तरुणपणी डिझेल वाचवायला तेही इतरांसारखेच न्यूट्रल करून घाट उतरत. एके दिवशी ब्रेक तापून गेले आणि भाताच्या पोत्यांसकट ट्रक त्यांनी डोंगराला घासत घासत थांबवला. "दुसऱ्या बाजूला दरी होती. तवापासून गाडी गिअरमधून काढली नाय मी," एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

मुदतीच्या शेवटच्या रविवारी बाबा आले. अट अशी होती, की घाट उतरताना त्यांना एकदाही भीती वाटली तर सोमवारी बदलीचा अर्ज. बाबा पुढे, मामा मागे. वर चहा घेताना मामांनी बाबांना धीर दिला, "काळजी नको, साहेब. दुसऱ्याच्या गाडीत मी डोळा मिटत नाय. पोराच्या लग्नात वऱ्हाडाच्या गाडीत सगळे घोरत होते, मी टक्क जागा. काय झालं तर मी हाय."

उतार लागला. मी दुसरा टाकला. बाबांनी दरवाजाच्या वरची कडी धरली आणि प्रत्येक वळणावर स्वतःच्या पायाखालची चटई दाबू लागले. एका वळणावर समोरून मालाचा ट्रक आला. मी जवळजवळ थांबले, आणि गाडीने हात सोडला. ती घरंगळली, बाबांनी दुसऱ्या हातानेही कडी धरली. मी हलकेच ब्रेक लावला, ट्रक गेला, पाय सोडला, आणि इंजिनने पुन्हा गाडी धरली. बाबा साक्षीदार शोधायला मागे वळले. "मामा, पाहिलंत ना आत्ता..."

मामा झोपले होते. डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं, घोरण्याचा बारीक सूर लागलेला.

बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांना हसू यायला लागलं, ते दाबता येईना, आणि हसता हसता त्यांनी कडी सोडली. टपरीपाशी मी गाडी थांबवली तेव्हा मामा दचकून उठले आणि माझ्यावरच ओरडले, "उठवायचं नाय का, गो!" सोमवारी मी शाळेत गेले. अर्जाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला. तिथल्या सपाट रस्त्यांना ते नावं ठेवत, फोनवर 'ती'ची चौकशी करत. गेल्या वर्षी ते गेल्याचं काकींनी सांगितलं, तेव्हा मी त्या बाकावर बसून लोकांसमोर रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही. त्यांच्यामुळे माझी शाळा माझ्याकडे राहिली. ते त्यांना सांगायचं राहिलं.

मला गाडी येते असं बाबा अजूनही तोंडाने म्हणत नाहीत. परवा महाबळेश्वरहून येताना घाटाच्या तोंडाशी त्यांनी सीट मागे पाडली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटत म्हणाले, "पोलादपूर आलं की उठव."