पितांबर भाऊजींचे शिंकणारे कॉम्प्युटर

माझ्या घरात कॉम्प्युटर किती आहेत ते मला विचारू नका. चहाची गाळणी ठेवायला जागा किती आहे ते विचारा. ओट्याखाली एक कॉम्प्युटर, देव्हाऱ्याशेजारी दोन, न्हाणीच्या दारात एक, त्यावर ह्यांचा टॉवेल वाळत घातलेला. आणि सगळे असे जुने की भंगारवालासुद्धा "राहू द्या, वहिनी" म्हणून पुढे निघून जातो. हा सगळा प्रताप माझ्या दिराचा. पितांबर भाऊजी. वय चाळिशीला टेकलं, डोक्यावर केस अजून आहेत, पण त्या केसांनी कंगवा कधी पाहिला असेल तर शपथ.

माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर बोलायला सोपं गेलं असतं. नंदुरबारच्या मिरची बाजारात व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर जे कॉम्प्युटर असतात, ते काही वर्षांत मान टाकतात. व्यापारी नवा घेतो आणि जुना आमचे भाऊजी लोटगाडीवर घालून घरी आणतात, जशी काही लक्ष्मी आणली. मग त्यात ते एक हलकी सिस्टीम घालतात. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेली, कोणीही घ्या, कोणालाही वाटा म्हणून सोडून दिलेली. मोठी विकतची सिस्टीम ज्या मशिनात उठून बसायलाही तयार नसते, त्या मशिनात ही टुणकन उठते आणि कामाला लागते.

"वहिनी," मला एकदा समजावून सांगत होते, "मशीन म्हातारं होत नाही. त्याच्यावरचं ओझं वाढतं."

मी म्हटलं, "माझंही तेच म्हणणं आहे. पण तुमचा भाऊ ऐकतोय का?"

उठलेली मशिनं भाऊजी शाळांना देऊन टाकतात. पोटापाण्यापुरती मोबाइलची दुरुस्ती करतात. ती सिस्टीम असते पेनड्राइव्हमध्ये, आणि पेनड्राइव्ह रोज हरवायचा. शेवटी सासूबाईंनी, म्हणजे शांतीबाईंनी, तो काळ्या दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात बांधला. तेव्हापासून तो गळ्यातच. आंघोळीला तेवढा काढून देवापुढे ठेवतात.

इथपर्यंत सगळं सोसलं असतं मी. पण मिरची आहे ना!

हंगामात मिरची बाजाराची धूळ कुठे शिरत नाही सांगा. कानात शिरते, डब्यात शिरते, तशी कॉम्प्युटरच्या पोटातही शिरते आणि वर्षानुवर्षं तिथे मुक्काम करते. मशीन तापलं की आतला पंखा जोरात फिरतो. पंखा फिरला की ती सगळी धूळ बाहेर. आणि मग घरातला माणूस न् माणूस आक्छीं! लोकांकडे काम अडलं की माशी शिंकते म्हणतात. आमच्याकडे अख्खं खानदान शिंकतं.

धूळ साफ का नाही करत, असं तुम्ही म्हणाल. केली की! भाऊजींनी एकदा गच्चीवर मशिनं उघडली आणि ब्लोअर मारला. शेजारचे जब्बारभाई गाद्या-रजया भरतात, त्यांच्या अंगणात ताजा पिंजलेला कापूस पडलेला. सगळी मिरची त्या कापसात, आणि त्या कापसाची रजई गेली एका लग्नघरी. नवरा-नवरी शिंकून शिंकून इतके बेजार झाले की पोरीच्या बापाला वाटलं जावयाला काहीतरी रोग आहे, आणि तो पोरीला परत न्यायला आला. जब्बारभाईंनी स्वतः जाऊन ती रजई अंगावर घेऊन शिंकून दाखवलं, तेव्हा कुठे तो संसार वाचला. गल्लीनं त्याच दिवशी ठरवून टाकलं की पितांबरनं मशीन उघडायचं नाही.

मग उपाय एकच राहिला. मशीन तापूच द्यायचं नाही. हलकी सिस्टीम घातली की मशीन थंड राहतं, पंखा निवांत असतो, मिरची आतल्या आत झोपून राहते. भाऊजींनी तर मोजमापच काढलं. फोनवर सांगायचे, "सर, तुमच्या शाळेसाठी एक शिंकेचं मशीन ठेवलंय. विकतची सिस्टीम होती तेव्हा आठ शिंकांचं होतं." आणि समोरचा मास्तर म्हणायचा, "बरं बरं, पाठवा." त्याला वाटत असणार ही कॉम्प्युटरचीच भाषा असेल.

आता सासूबाई. त्यांचं शिंकेचं शास्त्र फार कडक. काम सुरू करताना शिंक आली की थांबायचं, खाली बसायचं, घोटभर पाणी प्यायचं. आणि एकाच कामाला तीनदा शिंक आली तर ते काम सोडून द्यायचं. कायमचं. आमच्या ह्यांचं, लोटनरावांचं, पाण्याच्या मोटारींच्या सामानाचं दुकान आहे. सकाळी हे चप्पल घालतात, ओट्याखालचं एखादं मशीन सुरू असतं, हे शिंकतात, चप्पल काढून बसतात, पाणी पितात, परत चप्पल घालतात, परत शिंकतात. गिऱ्हाईक शटरला पाठ लावून बसलेलं, आणि इकडे आमचा मालक पाणी पिऊन पिऊन टम्म.

भाऊजींचं लग्न ह्या शास्त्रानंच अडवलं. दोंडाईच्याचे पाहुणे "मुलगा पसंत" म्हणायला गेले आणि शिंकले. धुळ्याचे तर नमस्कारालाच शिंकले. तीन वेळा झालं की सासूबाईच उठायच्या आणि हात जोडायच्या, "देवना मनमा नही." पाहुणे गेले की भाऊजी कोपऱ्यात बसून स्क्रू पिळत बसायचे. मला मात्र आतून तुटायचं. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा सर्वांत आधी "वहिनी" म्हणून ज्यानं माझी पेटी उचलली, तो हा माणूस.

आणि मग एक दिवस भाऊजी पुरुषोत्तमनगरच्या एका वाचनालयात मशिनं बसवायला गेले आणि केस विंचरून परत आले. मी बघतच राहिले. दुसऱ्या आठवड्यात परत गेले. म्हटलं, भाऊजी, तिथली मशिनं फारच बिघडायला लागली वाटतं? तर कानाच्या पाळ्या लाल. वाचनालय सांभाळणारी मयूरी म्हणून एक मुलगी होती. तिशी ओलांडलेली, बाप हेमराव निवृत्त होऊन घरी बसलेला. "वहिनी," भाऊजी म्हणाले, "हे नाही जमलं तर मला पुन्हा कोणासमोर बसवू नका." एवढं एकच वाक्य.

चौकशी केली तर कळलं की हेमरावकाका शिंक आमच्या सासूबाईंपेक्षा जास्त पाळतात. पाऊल बाहेर टाकताना शिंक आली तर चप्पल काढून दिवसभर घरातच बसणारा माणूस. सासूबाई खूश झाल्या, "घराणं चांगलं शे!" मी मात्र कपाळावर हात मारला.

ते मुलाचं घर बघायला येणार म्हटल्यावर मी हुकूम सोडला. एकही कॉम्प्युटर दिसता कामा नये. पण ठेवायचे कुठे? गल्लीत कोणी उभं करीना. शेवटी जब्बारभाईच धावले. बैठकीत सगळी मशिनं भिंतीला लावून रचली, वर त्यांची जाड गादी टाकली, त्यावर फुलांची चादर. असा दिवाण झाला की मीच प्रेमात पडले. "भाभी, बिनधास्त बिठाव," जब्बारभाई म्हणाले, "मिरची का बाप भी बाहर नहीं आएगा."

हेमरावकाका आले, त्या दिवाणावर बसले. मयूरी पण आली होती. "माले बी घर पाहनं शे," म्हणाली, आणि बापाच्या शेजारी ताठ बसली. मला आवडली. चहा झाला, शेव-पापडी झाली, कोणीही शिंकलं नाही. मी मनातल्या मनात सप्तशृंगीला नारळ बोलले.

"पोऱ्या करस काय?" काकांनी विचारलं.

"कॉम्प्युटरना धंदा शे," सासूबाई म्हणाल्या.

"मंग कॉम्प्युटर कोठे शेतस?"

मी भाऊजींना डोळ्यांनी दटावलं. पण खोटं बोलता येत असतं तर तो माणूस पितांबर कशाला झाला असता! "काका," म्हणाले, "तुम्ही त्यासवरच बठेल शेतस."

काका ताडकन उठले. चादर वर करून पाहिलं. मग उलटतपासणी सुरू झाली. मशिनं कितीला विकतोस? विकत नाही, शाळांना देतो. सिस्टीम कितीची? फुकट. आणि हुंडा? नको.

काकांनी दाढी खाजवली. "फुकट मशीन, फुकट सिस्टीम, फुकट नवरदेव. कोठे तरी खोट शे. पैसा मोजेल सिस्टीम तुले चालाडता येस का नही?"

"येस. पन शिंका येतीन."

"कॉम्प्युटरले शिंका?" काका हसले. "चालू कर. माले पाहू दे."

मी मध्ये पडले, आणखी एक कप चहा घ्या म्हटलं, गावाकडचं पीकपाणी विचारलं. काही उपयोग नाही. कालच पेढीवरून आणलेलं एक मशीन होतं, त्यात अजून ती जुनी विकतचीच सिस्टीम. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मयूरीकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

मशीन सुरू झालं ते काही संपेचना. काय काय उघडत होतं, काय काय स्वतःशीच अपडेट करत होतं. मग पंखा घोंगावला. मग ती बाहेर आली. लालभडक. चादरीवरची फुलं दिसेनाशी झाली.

काका उभे राहिले. "मी साफ सांगस. हाई सोयरीक आमले नही— आक्छीं!"

"थांबा!" सासूबाई ओरडल्या. "शिंक झायी. बठा. पानी प्या."

काका नियमाचे पक्के. बसले, पाणी प्यायले, उठले. "तर मी काय म्हनस, आमले नही— आक्छीं!" परत बसले. परत पाणी. तिसऱ्यांदा तर "न" म्हणायच्या आधीच शिंक आली.

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "तीनदा झायी! आते 'नही' म्हनानं काम सोडा. शास्त्र शे!" त्या शास्त्राचा मी उभा जन्म तिरस्कार केला, पण त्या क्षणी सासूबाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

पण काकाही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. नाक पुसत म्हणाले, "मंग 'हां' बी म्हनता येवाव नही. तोंड उघाडं का शिंक येस."

खरंच की! नाही म्हणता येईना, हो म्हणता येईना. सगळे जण एकमेकांकडे बघत शिंकत बसलो. पाण्याचा हंडा तळाला गेला. भाऊजी मशीन बंद करायला हात पुढे करायचे आणि शिंकेनं मागे फेकले जायचे. जमत आलेलं पुन्हा हातातून चाललंय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात मयूरी उठली. नाकाला ओढणी बांधली आणि गळ्यातून एक काळा दोरा बाहेर ओढला. त्याला पेनड्राइव्ह. मशिनात खोचला, मशीन बंद करून परत सुरू केलं, दोन-चार बटणं दाबली. पंखा घोंगावत होता तो हळू झाला. मग आणखी हळू. मग ऐकूच येईना. मिरची हळूहळू खाली बसली. घर इतकं शांत झालं की पलीकडून जब्बारभाईंचं कापूस पिंजायचं मशीन ऐकू आलं.

"बाबा," मयूरी म्हणाली, "आते बोला."

पण सासूबाईंची नजर दोऱ्यावर. भाऊजींच्या गळ्यात तसाच दोरा, हिच्या गळ्यातही तसाच. "हाऊ काया दोरा तुन्हा गयामा कोनी बांधा वं माय?"

"मीच बांधा. पेनड्राइव्ह त्यासनी दिधा. दोरा मी लिधा."

भाऊजींनी मान खाली घातली. काकांनी आधी ह्या गळ्याकडे पाहिलं, मग त्या गळ्याकडे. "मंग माले आठे कसाले आनं? शिंकाले?"

"नही," मयूरी म्हणाली. "'हां' म्हनाले."

काकांनी तोंड उघडलं. आम्ही सगळ्यांनी श्वास धरला. आणि नेमकं त्याच वेळी माझं लक्ष आमच्या ह्यांच्याकडे गेलं. डोळे मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या, मान मागे. अख्ख्या खानदानाची राहिलेली शिंक ह्या माणसाच्या नाकात येऊन उभी होती. मी लाज सोडली, पाहुण्यांसमोर झेप घेतली आणि ह्यांचं नाक चिमटीत पकडलं. वरून तोंडावर पदर दाबला.

"हां," काका म्हणाले. "पोर दिधी."

सासूबाई साखर आणायला आत गेल्या. डबा सापडेना, कारण त्याच्या जागीही कॉम्प्युटर ठेवलेला. हे लाल झाले, जांभळे झाले, हातानं खुणा करायला लागले. मी म्हटलं, गुदमरा, पण मी सोडणार नाही. साखर आली. काकांच्या हातावर, मयूरीच्या हातावर, भाऊजींच्या हातावर पडली. सगळ्यांची तोंडं गोड झाली तेव्हा मी नाक सोडलं.

ह्यांनी जी शिंक दिली, ती पलीकडच्या गल्लीत ऐकू गेली असेल. जब्बारभाईंनी मशीन बंद केलं आणि भिंतीपलीकडून घाबरून ओरडले, "भाभी! गया क्या ये भी रिश्ता?"

"नाही हो, जब्बारभाई," मी ओरडले. "जमलं! गादी भरायला घ्या. आणि ह्या वेळी कापूस झाकून ठेवा!"