राखीव जागा आणि एक रुमाल

नगरच्या स्टँडवर सकाळी आम्ही चौघे बसची वाट पाहत होतो. तिघे उभे होते, मी बसले होते, आणि अख्खा स्टँड माझ्याकडे पाहत होता. माझ्याकडे म्हणजे माझ्या स्कूटरकडे. चार लहान चाकं, एक खुर्ची, पुढे हँडल आणि बास्केट, बॅटरीवर चालणारी. घडी केली की दोन माणसं उचलू शकतात. पोलिओने लहानपणीच माझा डावा पाय नेला, पुढे कुबड्यांनी दोन्ही खांदे नेले. शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी संपल्यावर मी ही स्कूटर घेतली. तेव्हापासून भाजी, बँक, रविवारचं चर्च, सगळीकडे एकटी जाते. गल्लीतल्या कुत्र्यांनाही तिची सवय झाली. माझ्या भावाला मात्र झाली नाही.

भाऊ म्हणजे विनय. माझ्याहून धाकटा, पुण्यात नोकरीला. उन्हाळ्याच्या सुट्टीत बायको सुरेखा आणि कॉलेजात जाणारी मुलगी ईशा यांना घेऊन आला होता. एक दिवस शनिशिंगणापूर पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी पाथर्डीला आत्याकडे मुक्काम, असा बेत होता. त्याच्या कारमध्ये बॅगा ठेवल्यावर एक तर मी मावत होते, नाहीतर स्कूटर.

"अक्का, ती राहू दे घरी. तुला मी उचलून नेईन की," तो म्हणाला.

साठीच्या बाईला भावाने उचलून न्यायचं आणि ठेवेल तिथे तिने बसून राहायचं, याला हा सहल म्हणतो! मी म्हटलं, मग सगळेच बसने जाऊ, स्कूटरसकट. तो हसला आणि त्याने अट घातली. बसने जाऊन परत येणं जमलं तर उत्तम. कुठेही अडलं, तर स्कूटर विकायची आणि इथून पुढे तो नेईल तेव्हा, तो नेईल तिथे जायचं. मी तिरीमिरीत कबूल म्हटलं. म्हणून आता आम्ही शिंगणापूरच्या बसची वाट पाहत होतो.

"ॲव्हरेज किती देती हो?" एका फेटेवाल्या आजोबांनी विचारलं. विनयला. "आन् बाईंना कुठं जायाचंय?" हेही विनयलाच. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. पाय अधू झाला की माणसाचे कानही जातात आणि वाचाही बसते, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे.

बस लागली आणि झुंबड उडाली. मला पायऱ्या चढता येतात. एका हातात काठी, दुसऱ्याने दांड्याला धरून आधी चांगला पाय, मग अधू पाय. वेळ लागतो, पण चढते. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "सरका, सरका, अपंग बाई हाय! उचला रे मावशीला!" आणि दोन्ही काखांत दोन अनोळखी हात शिरले. मी पोतं नाही, मला चढता येतं, हे मी तीनदा सांगितलं. पोतं बोलतंय याकडे कोण लक्ष देतो? मला सीटवर आदळून ते दोघे एकमेकांची पाठ थोपटू लागले. विनय त्यांचे आभार मानत होता. डबल बेल झाली, बस हलली, आणि खिडकीतून मला माझी स्कूटर फलाटावर उभी दिसली.

"अरे, माझी स्कूटर!"

"राहू दे आता अक्का," विनय म्हणाला. "गर्दी बघ ना. स्टँडवर कुणाला तरी फोन करू."

इतक्या सहज! जणू छत्री राहिली होती. मी काठी उचलली आणि बसच्या पत्र्यावर अशी बडवली की ड्रायव्हरने ब्रेकच मारला. परत जाऊन पाहतात तर एक तरुण माझ्या स्कूटरवर रेलून सेल्फी काढत होता. त्याला उठवून विनयने आणि कंडक्टरने ती आत घेतली. सगळी बस "च्, च्" करत होती. उशीर झाला म्हणून, आणि तो माझ्यामुळे झाला म्हणून.

मला आदळलं होतं ती सीट एका काकांची निघाली, म्हणून मी उठले. पुढे 'दिव्यांगांसाठी राखीव' असं ठळक लिहिलेल्या पाटीखाली एक जाडजूड गृहस्थ डोळे मिटून बसले होते. मी काठीने त्यांच्या चपलेला टोचलं. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार! शेजारची सीट मात्र चक्क रिकामी होती. तिच्यावर एक मळका रुमाल पडला होता. दहा-बारा माणसं उभी होती, घामाने निथळत होती, पण त्या रुमालाला कुणी बोट लावलं नाही. त्याचा धनी मागे कुणाशी गप्पा मारत होता. तो सावकाश आला, रुमाल उचलून मान पुसली आणि बसला. मी घोडेगावच्या फाट्यापर्यंत उभी होते.

शिंगणापूरला आम्ही दर्शनाला गेलो नव्हतो. आम्ही ख्रिस्ती, आणि ईशाला बिनदाराची घरं पाहायची होती. घरांना खरंच दारं नाहीत. कुठे पडदा, कुठे नुसती चौकट. लोक कौतुकाने फोटो काढत होते. पण माझ्या उंचीवरून दिसतं ते त्यांना दिसत नाही. दारं नाहीत, उंबरे आहेत. पायऱ्याही आहेत. चोराला मोकळीक आणि चाकाला बंदी! मी एकाही चौकटीच्या आत जाऊ शकले नाही.

शनिदेव स्वतः लंगडा, सावकाश चालणारा, असं माझी शेजारीण सांगते. त्याच्या भक्तांना मात्र माझ्या मागे दोन मिनिटं दम निघेना. ढकलत, हॉर्न मारा म्हणत ते पुढे गेले. तेलाच्या दुकानापाशी मी थांबले, तर एका बाईने माझ्या बास्केटमध्ये नाणं टाकून हात जोडले.

"अहो, मला पेन्शन आहे," मी नाणं परत देत म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या हो," ती म्हणाली. "आज शनवार हाय."

तिचं पुण्य माझ्या बास्केटमध्ये ठेवून ती निघूनही गेली. विनय हसत होता. मला रडू आलं होतं, ते मी उसाच्या रसाबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी पाथर्डीची बस त्याहून भरलेली होती. राखीव पाटीखाली या वेळी एक जोडपं आणि त्यांचं कलिंगड होतं. मला चौथ्या रांगेत जागा मिळाली. घडी केलेली स्कूटर विनयने माझ्याशेजारी वाटेत उभी केली. तिसगावच्या अलीकडे एक बाई चढली, ऊसतोडीहून गावी परतणारी. डोक्यावर भलं मोठं गाठोडं, काखेत पितळी हंडा.

"ओ बाई, ही गाडी काढा की वाटंतून! मी गठुडं कुठं ठिवू?"

"माझ्या डोक्यावर ठेवा," मी म्हटलं.

"ठिवते की! डोकं तर रिकामंच दिसतंय."

"तुमचा हंडा मोठा, का माझी गाडी?"

"हंड्यात पानी ऱ्हातं. तुमच्या गाडीत काय ऱ्हातं?"

मागून एक सफारीवाले गरजले, "अहो, अपंग बाईशी असं बोलतात का? लाज वाटायला हवी!"

ती गर्रकन वळली. "पाय अधू हाय त्यांचा. तोंड तर लई झ्याक चालतंय!"

बस हसली. मीही हसले, पोटभर. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी भांडलं होतं. माझ्याशी, विनयशी नव्हे. शेवटी गाठोडं स्कूटरवर बसलं, हंडा माझ्या मांडीवर आला, आणि तिने ओच्यातले भाजलेले शेंगदाणे न विचारता माझ्या हातावर ओतले. बाहेर बोडके डोंगर, कुसळं, मधूनच एखादा लिंब. उन्हाने सगळा मुलूख भाजून निघाला होता, पण मला तो त्या दिवशी फार आवडला.

आत्याने हुलग्याचे शेंगोळे (पिठाच्या वळकट्या, तिखट रस्स्यात शिजवलेल्या) केले होते. तिने स्कूटरला एकदा पाहिलं, मला एकदा पाहिलं आणि म्हणाली, "पाठ ताठ झाली गं तुझी." कुबड्यांच्या दिवसांत मी कशी वाकून चालायचे, ते तिला आठवत होतं. विनय रस्सा ओरपत राहिला. त्याने ऐकलं की नाही, कळलं नाही.

परतीच्या दिवशी पाथर्डीच्या स्टँडवर लग्नाचं अख्खं वऱ्हाड उभं होतं. विनयने गर्दी पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला.

"आता हे काही जमत नाही अक्का. आपण जीप करू. स्कूटर आत्याकडे राहू दे, इथेच गिऱ्हाईक बघू."

बस फाटकातून आत वळताना दिसली. वऱ्हाडी रुमाल काढून सज्ज झाले. मी म्हटलं, "तूही टाक रुमाल."

"छे! आपल्याला शोभतं का ते?"

ज्याला बहिणीला पोत्यासारखं उचललेलं शोभतं, त्याला रुमाल शोभत नाही. मी स्कूटर पूर्ण वेगात सोडली. तिचा वेग तो काय, पण वळणारी बस त्याहून हळू असते. मी खिडक्यांच्या बाजूने तिच्याबरोबर निघाले. मागून सुरेखा धावत आली. "वन्सं, माझा स्कार्फही टाका!" माझा रुमाल काठीच्या टोकाला अडकवून मी राखीव पाटीखालच्या खिडकीतून आत सोडला, आणि शेजारच्या जागेवर स्कार्फ.

मग मी निवांत थांबले. वऱ्हाड चढलं. शेवटी मी चढले. आधी चांगला पाय, मग अधू पाय. कुणी उचललं नाही, कारण प्रत्येक जण जागेच्या मागे होता. माझ्या सीटपाशी मिशीवाला पैलवान गडी उभा होता. पाटीकडे त्याचं लक्षही नव्हतं. तो रुमालाकडे पाहत होता.

"कुनाचा हाय?"

"माझा."

"बसा मग," म्हणून तो बाजूला झाला.

सरकारी रंगाने लिहिलेल्या दोन शब्दांना या जिल्ह्यात कुणी विचारत नाही. घाम पुसायच्या फडक्याला विचारतात. हे कळायला मला साठ वर्षं लागली, कारण आजवर मला कुणी ना कुणी उचलूनच ठेवत आलं होतं.

विनय नगरपर्यंत उभा होता, स्कूटर पोटाशी धरून. करंजीच्या घाटात प्रत्येक वळणाला ती त्याच्या नडगीवर आपटत होती. सुरेखा माझ्याशेजारी गाढ झोपली होती.

नगरला उतरल्यावर त्याने स्कूटर उघडली, पण त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. "अक्का, जरा टेकू का?" म्हणत तो तिच्यावर बसला. मी बाकावर बसले. तेवढ्यात एक कनवाळू गृहस्थ आले. ते माझ्याशी बोलू लागले.

"यांना कुठं जायचंय?"

"घरी."

"अरेरे. ॲव्हरेज किती देते ही?"

"अहो, मी..." विनय म्हणाला.

"राहू द्या, राहू द्या, तुम्ही बोलू नका, दम लागेल," असं म्हणत त्यांनी त्याच्या काखेत हात घातला आणि पुन्हा मला विचारलं, "कधीपासून हो यांचं असं?"

"जन्मापासून," मी म्हटलं.

विनय ताडकन उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. घरापर्यंत तो माझ्या स्कूटरमागून चालत आला. गल्लीच्या तोंडाशी त्याने विचारलं, "अक्का, हे लोक नेहमी असंच करतात?"

"रोज," मी म्हटलं. "तुला धरून."

स्कूटर विकायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याला निघण्याआधी मात्र तो टेप घेऊन कारच्या डिकीची मापं घेत होता. मी त्याला थांबवलं नाही. पण पुढच्या सुट्टीत कुठे जायचं ते मी ठरवणार आहे, आणि जायचं बसनेच.