बोकडाचं रक्त

दत्ता परब गेला त्याला आता दीड महिना होईल, आणि माझा त्याच्यावरचा राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची रीत आहे. चांगलं बोलण्यासारखं त्याच्यात पुष्कळ होतं, तेही सांगेन. पण आधी मला चिडू द्या. मुलुंडला आमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, "दत्ताभाऊ गेले, लगेच या." पायांत चपला सरकवताना माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "गाढव!" बायको म्हणाली, "अहो, काय हे बोलणं!" काय बोलणार? दुखणं वेळेवर हाताला लागलं होतं, आणि आम्ही दोघांनी ते हसण्यावारी नेलं...

आम्ही दोघं मालवणकडचे. परळच्या एकाच गिरणीत, एकाच खात्यात लागलो. गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरच घरी बसलो, आणि पुढे मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका बोल्टच्या कारखान्यात बरोबरच चिकटलो. मी पॅकिंगला, तो तपासणीला. हातात गेज घेऊन बसला की केसाएवढा फरक असलेला नगही त्याच्या नजरेतून सुटायचा नाही. सुपरवायझर येऊन सांगायचा, "परब, जाऊ दे ना यार, कोण बघतंय?" हा मान वर न करता म्हणायचा, "मी बघतंय." अख्खी पेटी परत पाठवायचा, आणि दुपारी त्याच सुपरवायझरला डब्यातलं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं काढून द्यायचा. असा माणूस होता. दुसऱ्यांच्या बोल्टवर एवढी नजर, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र आंधळेपणा!

त्याचा थोरला भाऊ गावी आतड्याच्या कॅन्सरनं गेला. हे कळल्यावर आमच्या कारखान्यात आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरीण बाईंनी दत्ताला बसवून घेतलं. मी सोबत होतो. बाई म्हणाल्या, भावाला झालंय, तुम्ही पन्नाशीला आलात, आता त्रास नसला तरी तपासून घ्या. सगळ्यात चांगली दुर्बीण. मागून नळी घालून आतडं आतून बघतात. दत्ताचं तोंड एवढंसं झालं. बाहेर येऊन मला म्हणाला, "मागसून दुर्बीण? त्यापरास मी मेललो बरो." मी हसलो. पुन्हा आत जाऊन बाईंना विचारलं, दुसरं काही नाही का? त्या म्हणाल्या, आहे ना. बेरियमचा एक्स-रे आहे, पण त्यातही पांढरं औषध मागूनच सोडतात. तेही नको असेल तर तीन दिवस शौचाची डबी द्या. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात असेल तर कळेल. मात्र आधीचे तीन दिवस आणि डबी देतानाचे तीन, असे सहा दिवस मटण, कलेजी, मासे, मुळा सगळं बंद. नाहीतर खाल्लेल्या प्राण्याचं रक्त तपासणीत उतरतं आणि उगाच घोळ होतो.

डबीला दत्ता तयार झाला. तयार म्हणजे काय, नाहूरच्या चाळीत संडास सामायिक, तिथून ती डबी कशी आणायची म्हणून त्यानं ती चष्म्याच्या घरात लपवून आणली. बसमध्ये तीन दिवस माझ्यापासून दोन सीट लांब बसला. मी विचारलं, "काय रे, चष्मा केव्हापासून लागला?" तर दात-ओठ खाऊन बघत राहिला.

रिपोर्ट आला शिमग्याच्या तोंडावर. रक्त सापडलं होतं. दत्ता कॅन्टीनमध्ये कागद घेऊन बसला होता, चहावर साय धरलेली. मला त्याचं ते तोंड बघवेना. म्हणून मी बोललो... हे माझं बोलणं मी लपवणार नाही. म्हटलं, "अरे, रविवारी वहिनींनी मटण केलं असेल. बोकडाचं रक्त असेल ते, तू कशाला घाबरतोस?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. म्हणाला, "खरंच रे. केलेला रविवारी. नाय म्हणवना माका." झालं! दोन दिवसांत सगळ्या खात्यात 'परबाच्या पोटात बोकड' म्हणून थट्टा सुरू, आणि तो स्वतः सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आता दुर्बीणच करा, निदान एक्स-रे तरी. हा ऐकेना. मग म्हणाल्या, बरं, पथ्य पाळून ताबडतोब पुन्हा डबी द्या. त्यावर दत्तानं तोड काढली, "श्रावणात देतो. तेव्हा घरात वशाट आपसूक बंद असतं, घोळ नको." आणि मी, शहाणा, मान डोलावली. बाई भडकल्या. "अहो परब, तुमच्या आतड्याला श्रावण कळतो का?" पण पुढ्यात शिमगा, मग लग्नसराई, मग गावाहून सुकी मासळी येणार... सहा दिवस तोंड आवरणं त्याला जड जाणार, हे मलाही पटलं होतं. पाच महिने आम्ही श्रावणाची वाट बघत बसलो!

श्रावणात डबी दिली आणि रिपोर्ट स्वच्छ आला. दत्तानं खात्यात पेढे वाटले. बाईंनी पेढा घेतला नाही. म्हणाल्या, आतड्यात गाठ असली तरी ती रोज रक्त टाकत नाही; आजच्या चांगल्या रिपोर्टनं तो आधीचा पुसला जात नाही. आम्हाला वाटलं, बाईंना उगाच दुर्बिणीची हौस. दिवाळीच्या फराळावर दत्ताचं पोट फुगलं, दोन दिवस पोटातून काही सरेना. ऑपरेशन केलं तेव्हा गाठ यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टर म्हणाले, जरा आधी यायला हवं होतं. हे 'जरा आधी' ऐकून मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. दत्ता महाशिवरात्रही बघू शकला नाही.

गेल्या रविवारी सुनंदावहिनींना भेटायला नाहूरला गेलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. वहिनी एकाएकी म्हणाल्या, "भावजी, तुमचा मला लई राग आलेला. वर्षभर मनात होता. आज बोलते."

"बोला ना, वहिनी."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून ते सहा दिवस मी घरात सुका बोंबीलसुद्धा शिजवला नाही. पोरं कुरकुरली, तरी नाही. आणि तुम्ही ह्यांना रविवारी घरी बोलावून मटण जेवायला घातलंत. कसं घातलंत हो? ठाऊक होतं ना तुम्हाला?"

मला काही उमजेना. म्हटलं, "वहिनी, कोण म्हणालं?"

"हेच म्हणाले. रिपोर्ट घेऊन आले त्या दिवशी. म्हणाले, वसंताकडे जेवलो, बोकडाचं रक्त आहे ते, घाबरू नको."

त्या रविवारी दत्ता माझ्याकडे आलाच नव्हता. मी तसं सांगितलं. त्यानं मला काय सांगितलं होतं तेही सांगितलं. 

"म्हणजे ह्यांना ठाऊक होतं," वहिनी म्हणाल्या. "बोकड कुठेच नव्हता."

तसलं काहीच खाल्लं नव्हतं त्यानं. मी त्याला धीर द्यायला एक थाप मारली, आणि त्यानं तीच उचलून घरी नेली. बायकोला माझं नाव सांगितलं, मला बायकोचं, आणि मधे एकटा भीत बसला. पाच महिने. दत्त्या, मेल्या, रोज दोन वेळा बसमध्ये शेजारी बसत होतास. एकदा तरी म्हणायचं होतंस, "वसंता, भीती वाटते रे." तुला खेचत नेलं असतं मी त्या दुर्बिणीकडे.