निम्मं काम

जगात आजवर जी कामं नुसती ठरली आणि झाली नाहीत, त्यांतली बरीचशी माझ्या थोरल्या साडूंनी ठरवलेली आहेत, असं माझं प्रामाणिक मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बेळगावजवळ वडगावात विणकरांच्या एका गल्लीत राहतात. घरात दोन पॉवरलूम. त्यांतला एक आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, लग्न होऊन आल्यापासून स्वतः चालवायची, आणि दुसरा साडूंचा. पण साडू मागापाशी कमी आणि देवळाच्या कट्ट्यावर जास्त असत, त्यामुळे दुसराही तीच चालवायची. सगळी गल्ली त्यांना आण्णा म्हणते. मीही म्हणतो. रागात असलो तरी तोंडातून आण्णाच येतं, हे माझं दुर्दैव.

आण्णांना बेत आखायला काहीही पुरे. कोळसा, खडू, ओली फरशी, बसची धुरकटलेली काच. एकदा आमच्याकडे निपाणीला जेवायला बसले असताना त्यांनी आमटीत बोट बुडवून ताटाच्या काठावर अख्ख्या गणेशोत्सवाची मिरवणूक काढली. पुढे बँड, मागे लेझीम, मधे ट्रॅक्टर. तोवर भात गार झाला आणि ट्रॅक्टर वाळला. मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो, म्हणून अधिकाराने सांगतो, त्यांच्याइतका सुबक बाण काढणारा माणूस मी पाहिलेला नाही. कुठून निघायचं, कुठे वळायचं, कुठे पोचायचं, सगळं बाणांनी दाखवायचे. मग हात झटकायचे आणि म्हणायचे, "निम्मं काम झालं बघा पावणं!" उरलेल्या निम्म्याबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत. ते देव करतो अशी त्यांची समजूत असावी. आमच्या माहितीप्रमाणे ते आक्का करायची.

माणसं दिसली की त्यांना पदं वाटायची हा त्यांचा दुसरा नाद. गल्लीत उपाध्यक्ष नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. पाण्याचा टँकर आला तर एक टँकर प्रमुख, एक घागर प्रमुख, आणि त्या दोघांवर लक्ष ठेवायला समन्वयक. मी निपाणीत राहतो एवढ्या एका गुणावर मला त्यांनी 'निपाणी विभाग प्रमुख' केलं होतं. विभागात मी एकटाच. तरी ते फोनवर विचारायचे, "विभागाचं काय म्हणणं हाय?" मी बायकोकडे बघून सांगायचो, विभाग बरा आहे. हल्ली मोबाईल आल्यापासून तर प्रत्येक बेताचा वेगळा ग्रुप. 'जोतिबा नियोजन' झाला की 'जोतिबा नियोजन अंतिम', त्यानंतर 'जोतिबा नियोजन अंतिम नवीन'. तिन्हींत माणसं तीच, तिन्हींत बोलणारे आण्णा एकटे.

आमच्या लग्नात थोरले जावई म्हणून कारभार त्यांच्याकडे होता. मीठ वाढायला कोण, कोशिंबीर कोण, पाण्याचा जग कुणाच्या हातात, रुसलेल्या आत्याबाईंची समजूत कुणी काढायची, सगळं ठरलेलं. गळ्यात शिट्टी अडकवून आण्णा मांडवभर फिरत होते. अक्षता पडल्या, शिट्टी वाजली, पंगत बसली, पानं मांडली, मीठ आलं, कोशिंबीर आली. आणि मग बराच वेळ काहीच येईना. आत जाऊन बघितलं तर भाताची पातेली चुलाण्यावर तशीच. चुलाणं पेटवायचं काम कुणाकडेच नव्हतं. वऱ्हाडी मंडळी कोशिंबीर खात बसली. माझे वडील मरेपर्यंत वडगावच्या कोशिंबिरीचं नाव काढत होते. आण्णांचा चेहरा मात्र शांत. "वाढप बघितलं का? एक माणूस चुकला न्हाय," म्हणाले.

जोतिबाला जायच्या वेळी मी आणि बायको डबे घेऊन निपाणीच्या हायवेवर उभे. वडगावची जीप येणार, आम्हांला घेणार आणि पुढे जाणार. फोन केला तर आण्णा म्हणाले, "काकती वलांडली." चांगलं तासाभराने पुन्हा फोन केला. मागे आक्काच्या मागाचा खडखडाट स्पष्ट ऐकू येत होता.

"आण्णा, तुम्ही घरीच आहात?"

"घरातच हाय की. पण प्लॅनपरमानं आत्ता आपण संकेश्वरात असायला पायजे."

जीपवाल्याला सांगायचं राहिलं होतं. आम्ही हायवेच्या कडेला डबे उघडले आणि पोळ्या खाऊन घरी आलो. बायको हसून हसून बेजार. त्या वेळी मीही हसलो. अशा माणसाचा राग धरवत नाही, असं तेव्हा मला वाटत असे.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, कारण फार तर एखादी पंगत उपाशी राहायची. पण गल्ली जेव्हा खरोखर एखाद्या माणसाच्या शब्दावर उभी राहते, तेव्हा त्या माणसाला हसून चालत नाही.

गल्लीत सगळे व्यापाऱ्याच्या सुतावर विणायचे. शेठजी ताणा, म्हणजे साडीच्या उभ्या तारा, गुंडाळलेला रूळ, म्हणजे बीम, देणार, विणकर साडी विणून देणार आणि मजुरी घेणार. साडी कुणाची, नाव कुणाचं, दुकान कुणाचं, त्यात विणकराचं काही नाही. हे दुखणं सगळ्यांचंच होतं, आणि ते बोलून दाखवायची ताकद फक्त आण्णांत होती. देवळाच्या कट्ट्यावर उभं राहून ते म्हणाले, "किती वर्सं दुसऱ्याची साडी इनायची रं? गल्लीची आपली साडी करू. आपलं बीम, आपला काठ, आपलं नाव. खंडेनवमीला माग पुजायचे आणि दसऱ्याला समद्यांनी एकदम चालू करायचे!" मी त्या दिवशी तिथे होतो. पन्नाशीची माणसं डोळे पुसत होती. बेत खोटा नव्हता, हे मी आजही म्हणतो. म्हणूनच तर जास्त चीड येते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. माग कधी बोडका ठेवत नाहीत. एक ताणा संपत आला की त्याची टोकं मागातच ठेवतात आणि नव्या बीमची तार न् तार त्या जुन्या टोकांना सांधतात. जुनी टोकं एकदा कापून काढली, तर हजारो तारा पुन्हा एकेक करून मागाच्या बारीक डोळ्यांतून आणि फणीच्या दातांतून हुकाने ओढाव्या लागतात. डोळे फुटायची पाळी येते. म्हणून नवं बीम उंबऱ्याशी आल्याशिवाय जुन्याला कुणी कातर लावत नाही. लेकीला माग शिकवताना आई हे आधी शिकवते.

आण्णांनी सांगितलं, कापा. नव्या साडीचा पन्हा वेगळा, जुनी टोकं उपयोगाची नाहीत, नवी बीमं तारा ओवूनच इचलकरंजीहून दसऱ्याच्या सकाळी येणार. शेठजींची बीमं परत द्या, माग धुऊन पुसून लख्ख करा. "माघारी जायाची वाटच ठेवायची न्हाय!"

गल्लीतली माणसं माना डोलवत होती, पण कातर कुणी उचलेना. समोर राहणारा रामाप्पा, चार मागांचा धनी, शेवटी म्हणाला, "आण्णा, आदी वैनींचं हू दे. मग आमी हायच."

सगळे आण्णांच्या घरात आले. आक्का मागापाशी उभी होती. "आवो, बीम दारात येऊ दे की. मग कापते," एवढंच ती म्हणाली. हळू म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं.

"माज्याच घरात माजा सबूद चालंना, तर गल्लीला काय सांगू गं मी?"

आक्काने त्यांच्याकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या लोकांकडे. कातर घेतली आणि ताणा कापला. दोन्ही मागांचा. कापताना तिने तोंड भिंतीकडे केलं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीतले सगळे माग बोडके झाले. आण्णांनी फरशीवर एक लांबलचक बाण काढला आणि हात झटकले. निम्मं काम झालं होतं.

दसऱ्याच्या सकाळी मी गुलाबी फेटा बांधून वडगावात हजर. निपाणी विभागाला तसा आदेश होता. गल्लीच्या तोंडाला झेंडूची कमान, बँड, खुर्च्या, बटण दाबायला कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार. आक्काच्या मागाला हळदीकुंकू लावलेलं, दोन्ही बाजूंना ऊस बांधलेले, आणि मधे काहीच नाही. मी आण्णांना बाजूला घेतलं.

"बीमं कुठं आहेत?"

"येत्यात की. प्लॅनपरमानं आत्ता उतराय पायजेत."

"सांगितलंय ना?"

"सांगितलंय म्हंजे? कट्ट्यावर सांगितलं, ग्रुपवर सांगितलं, सुभेदारसायबास्नी सांगितलं..."

"बीमवाल्याला कुणी सांगितलं आण्णा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. ती एक नजर मी विसरलेलो नाही. चुलाणं, जीप, सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावं. पण क्षणभरच. मग त्यांचा चेहरा पूर्ववत झाला आणि ते म्हणाले, "इचलकरंजी निपाणीच्या अंगाला येती न्हवं? मला वाटलं ते विभागाकडं हाय."

माझ्या हातून काहीतरी वाईट घडलं असतं, पण तेवढ्यात आण्णांनी शिट्टी वाजवली. कार्यक्रम वेळेत व्हायला हवा होता. सुभेदारांनी आक्काच्या मागाचं बटण दाबलं आणि त्या खुणेवर घराघरांतून गल्लीतले सगळे माग एकदम चालू झाले. ताण्याशिवाय. धोटे रिकामेच इकडून तिकडे धावत होते, फण्या हवेवर आपटत होत्या, आणि बँडवाल्यांना काही कळलं नाही म्हणून ते वाजवत होते. एकेक बाई दारात येऊन उभी राहिली. आक्का आत गेली आणि तिने आपला माग बंद केला. मग शेजारचा बंद झाला, मग त्याच्या पलीकडचा.

दिवाळीच्या तोंडावर बीमवाल्यांना उसंत नव्हती. सणानंतर बघू म्हणाले. शेठजींनी परत आलेली बीमं दुसऱ्या गल्लीत दिली होती. त्यांनी तरी का थांबावं? सणानंतर कुणी उद्यमबागेत कारखान्यात लागलं, कुणी गोव्याला गेलं. रामाप्पाचे चारही माग भंगारवाल्याने टेम्पोत घालून नेले, आणि तो टेम्पोमागून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेला. आक्का शहापुरात एका दुकानात दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावायला जाऊ लागली. जिने जन्मभर साडी विणली, ती आता साडीची कड उलटी करून टाके घालते. आणि आण्णांनी आठवड्याच्या आत नवा ग्रुप काढला. नाव, 'पुढील दिशा'. मी त्यातून बाहेर पडलो. मला सगळ्यात जास्त चीड गल्लीची येते. अजूनही कुणी भेटलं की म्हणतं, "प्लॅन लई चांगला हुता वो." चांगला होताच. चांगला होता म्हणून तर लोकांनी कातर लावली.

त्यानंतर मी वडगावला जाणं टाळलं. बायको जायची. यंदा उन्हाळ्यात तिचा निरोप घेऊन मला जावंच लागलं. दुपारची वेळ, करंट गेलेला, माजघर अंधारं. आक्काने दुकानात सुट्टी टाकली होती. शेठजींच्या पायऱ्या ती स्वतः चढली होती, काय काय ऐकून घेतलं ते तिने सांगितलं नाही, पण एक बीम घेऊन आली होती. मागाच्या मागच्या बाजूला बसून ती एकेक तार निवडून पुढे देत होती. आणि पुढे फरशीवर मांडी घालून, नाकावर चष्मा, हातात हुक घेऊन आण्णा बसले होते. तोंडाशी शिट्टी नाही, आजूबाजूला खडूची रेघ नाही. केस सगळे पांढरे झालेले. हुक मागाच्या डोळ्यातून घालायचा, तार पकडायची, ओढायची.

"चुकलं," आक्का म्हणाली. "दोन एकात घेतल्यासा. काढा."

आण्णांनी तार मागे सोडली आणि पुन्हा हुक घातला. त्यांच्यावरचा माझा राग गेला होता असं नाही. रामाप्पाचा टेम्पो मला अजून दिसतो. पण या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा दुसरं निम्मं हातात घेतलं होतं, आणि त्याच्याच्याने ते होत नव्हतं.

बायकोचा निरोप सांगितला, पाणी प्यालो, पिशवी उचलली. उंबऱ्याशी येऊन चप्पल घातली आणि सवयीने थांबलो. या दारात मला कधी काम सांगितल्यावाचून सोडलेलं नव्हतं. आण्णांनी मान वर केली नाही. तारेचं टोक नजरेतून सुटू नये म्हणून माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पावणं, जरा बॅटरी धरता काय? दिसंना झालंय."

निपाणीच्या बसची वेळ झाली होती. मी चप्पल काढली, आत गेलो आणि त्यांच्या खांद्यामागे उभं राहून बॅटरी धरली.