थंड डागाची चार कारणं

शिक्षकांच्या खोलीत दोन गोष्टी आपोआप साचतात. एक, कपाटावरचे जुने पेपरांचे गठ्ठे, आणि दुसरे किस्से. गठ्ठे निदान दिवाळीत रद्दीवाला नेतो. किस्से कोण नेणार? सौंदडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजातले निम्मे किस्से फिजिक्सच्या कटरे सरांचे. माझं आडनाव पटले, मी गणित शिकवायचो. बायोलॉजीच्या मेश्राम मॅडम तिसऱ्या. आम्हा तिघांचा चहा एकत्र आणि भांडणंही एकत्र.

*

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. सरांनी घरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही सायकलच्या कॅरिअरवर बांधून वर्गात आणला आणि चॅनल नसलेल्या जागी लावून ठेवला. पडदाभर मुंग्या!

"पोरांनो, विश्व जन्मलं तवाची ऊब अजून आभाळभर उरली हाये. या शंभर मुंग्यातली एखादी तिच्यामुळं!"

मागच्या बाकावरून आवाज, "कोणती जी? बोट ठेवून दाखवा ना!"

सरांनी खरंच बोट ठेवलं. "हे पाहा... गेली!"

दुसऱ्या दिवशी एका पोराचा गाल सुजलेला. बाप कवेलूच्या छपरावर चढून अँटेना फिरवत होता आणि हा खालून ओरडला होता, "राहू द्या ना बाबा, विश्व चालू हाये!"

*

पुढे एका उपग्रहानं त्या उबेचा आभाळभराचा नकाशा काढला. ऊब सगळीकडे जवळजवळ सारखीच, पण किंचित कमीजास्त. निळे-लाल ठिपके. त्यात एक डाग जरा जास्तच थंड, आणि तो कशामुळे यावर मोठमोठ्यांची भांडणं. सर गोंदियाच्या सायबर कॅफेतून त्याची रंगीत प्रिंट घेऊन आले आणि आठवडाभर त्यांचं जेवणात लक्ष नाही. नकाशाच्या मधोमध आडवी पांढरी रेघ!

"पटले, हे रेघ कोणालेच काऊन नाही दिसली?"

मीही वेडा, दोन दिवस गणितं मांडत बसलो. मग मेश्राम मॅडमनी त्याच कॅफेत छापलेला पुतण्याचा बायोडाटा पुढे ठेवला. त्याच्याही मधोमध तीच रेघ. प्रिंटर खराब!

त्या दिवशी सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात चार शब्द लिहिले: यंत्र, धूळ, योगायोग, खरं. काही वेगळं दिसलं की आधी यंत्राचा दोष शोधायचा. मग मधे आलेली धूळ, कारण आपल्या आकाशगंगेची धूळही नकाशात डाग पाडते. मग योगायोग. तिन्ही खोडून झाले तरच म्हणायचं की तिकडे खरंच काहीतरी आहे, कदाचित एखादी अफाट पोकळी. ते चार शब्द पुसायची पोरांना बंदी होती.

*

मग काय, नियम जिकडेतिकडे! मॅडमची स्कूटी बंद पडली, लिहा चार कारणं. एका वर्षी फिजिक्सचा निकाल पार झोपला. प्राचार्यांनी विचारलं, "हे काय आहे?" सरांनी त्यांच्यापुढेच कागदावर चार शब्द लिहून तीन खोडले आणि म्हणाले, "मी खराब शिकवलो जी."

प्राचार्य बिचारे त्यांनाच चहा पाजून मोकळे झाले.

*

मग सरांना खोकला लागला. एक्स-रे काढला. आम्ही तिघांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या बाजूला एक डाग.

मॅडम म्हणाल्या, "उद्याच्या उद्या नागपूरला जा."

"मॅडम, पहिलं यंत्र!" म्हणून सर दुसरीकडे जाऊन दुसरा एक्स-रे काढून आले. डाग तिथंच. मग धूळ. घर राईस मिलला लागून, कोंडा उडतच असतो. महिनाभर त्याचं औषध झालं. मग योगायोग. मॅडम चिडून रडायच्या बेतात आल्या. "सर, छाती म्हणजे आभाळ नाही हो!"

आणि मी काय केलं? मी गणितवाला! मीच म्हणालो, "मॅडम, एका डागावरून निष्कर्ष काढत नसतात. थोडं थांबून पुन्हा पाहू." मी हे बोललो. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

*

थांबून तिसरा एक्स-रे काढला आणि मग नागपूरला नेलं, तोवर चार महिने उलटले होते. डॉक्टरांनी तिन्ही एक्स-रे ओळीनं लावले. "इतके दिवस काय करत होता?"

सर शांतपणे म्हणाले, "कारणं खोडून राहिलो होतो जी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं.

परतीच्या गाडीत सर म्हणाले, "पटले, पद्धत बरोबरच होती. फक्त आभाळाच्या डागाले उशीर चालते."

"आग लागो त्या पद्धतीला!" मी ओरडलो. अख्खा डबा वळून पाहायला लागला.

*

यानंतर सरांनी एकच तास घेतला. मी त्यांना दवाखान्यात न्यायला आलो होतो, दारात उभा होतो. त्यांनी फळ्यावर मोठा गोल काढला. आत एक ठिपका.

"एक डाग दिसून राहिला. यंत्र बदलून पाहिलं, डाग तिथंच. धूळ पुसली, तरी तिथंच. थांबून पुन्हा पाहिलं, तर मोठा झाला. बोला!"

पहिल्या बाकावरची, कामठा गावाहून येणारी पोरगी ताडकन उभी राहिली. "तिन्ही खोडा जी! खरं हाये!"

"शाब्बास. मग आता काय करायचं?"

"सगळ्या जगाले सांगायचं जी! शोध लागला ना सर!"

सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. खडूच्या हातांनी सरांनीही वाजवल्या, खोकला येईपर्यंत. मग त्यांचं दाराकडे लक्ष गेलं.

"पटले, कायले उभे राहिले नुसते? वाजवा ना!"

मी वाजवल्या.