मावशीचे गुडघे आणि बाजारची पुडी

ईट गावच्या सत्यभामामावशीनं चाळीस वर्षं खव्याच्या भट्टीपुढं उभं राहून काढली. हातात लांब दांड्याचं उलथणं, पुढं कढईभर दूध आणि तोंडाचा पट्टा चालू. गवळ्यानं पाणी घातलं असलं तर दूध कढईत पडतानाच तिला कळायचं, आणि मग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आई गेल्यावर मी तिच्याकडंच वाढले, त्यामुळं त्या पट्ट्याचा वाटा मलाही मिळालाय.

साठी गाठली तेव्हा तिचे गुडघे गेले. धाराशिवला ज्या दवाखान्यात मी संशोधनाचं काम करते, तिथंच ते बदलायचं ठरलं. आमचं काम म्हणजे काढून टाकलेल्या गुडघ्यातले कूर्चेचे तुकडे बर्फात घालून पुण्याला पाठवायचे. तिथं पेशींमधली कोणती जनुकं चालू आहेत, कोणती प्रथिनं वाढलीत, हे तपासतात. सगळ्यांचे गुडघे एकाच कारणानं जात नाहीत. कुणाचे आतल्या सुजेनं जातात, कुणाचे वर्षानुवर्षं उभं राहून पडलेल्या भारानं.

मावशीला यातलं एकच हवं होतं. तिची लेक शिवकन्या आता भट्टीवर उभी राहत होती.

"काय घ्यायचं ते घ्या माझ्या गुडघ्यातलं," ती म्हणाली, "पर एवढं सांगा, भट्टीनं खाल्ले का हे? पोरीचं बी असंच व्हायचं असंल तर आजच इझवते."

फॉर्म मीच भरला. गेल्या तीन महिन्यांत काही औषध? "न्हाय," मावशी म्हणाली. मीही तसंच लिहिलं. सुट्टीला ईटला जाताना वाटेतल्या वाशीच्या बाजारातून तिला दुखण्याच्या पुड्या आणून देणारी मीच. पण आमच्या घरात पुडीला कुणी औषध म्हणतच नव्हतं. सकाळी चहाबरोबर घ्यायची आणि भट्टी पेटवायची. शिकलेली मी, पगार घेणारी मी, पण तेव्हा मला ती पुडी आठवलीसुद्धा नाही.

आठ महिन्यांनी अहवाल आला. मावशीच्या कूर्चेत सुजेच्या खुणा जवळजवळ नव्हत्या; तिला भाराच्या गटात टाकलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हे शेकडो लोकांच्या अभ्यासासाठी आहे, एकेका पेशंटला सांगायला नाही. पण मला कुठला धीर? संध्याकाळीच फोन लावला. "मावशी, भारानंच गेले."

त्याच आठवड्यात भट्टी विझली. कढई भूमच्या एकानं नेली.

यंदा दुसऱ्या एका बाईच्या पिशवीत तशीच पुडी निघाली. डॉक्टरांनी ती तपासून घेतली, तर आत स्टेरॉइड. सूज दाबणारं. मावशीच्या कूर्चेतल्या सुजेच्या खुणाही त्यानंच पुसल्या असतील. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, आणि मावशीचा नमुना अभ्यासातून काढला. पुन्हा तपासावं तर तुकडा उरला नव्हता.

रविवारी ईटला गेले. मावशी नव्या गुडघ्यांवर ताठ चालत पुढं आली. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"मग भट्टीनं न्हाय गेले?"

"ते आता कधीच कळणार न्हाय, मावशी. माझ्यामुळं."

मला शिव्या हव्या होत्या. तिनं पाणी दिलं. "तू तरी काय करणार, सोनाली. पुडी आण म्हणून तर मीच म्हणायची."

तेवढ्यात शिवकन्या आली. भट्टी गेल्यापासून ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. दाराची चौकट धरून, एक पाय लांब करत ती पायरीवर टेकली.

"काय झालं गं?" मावशीनं विचारलं.

"काय न्हाय. दिसभर उकिडवं बसून गुडघा धरलाय." मग ती माझ्याकडं वळली. "सोनाक्का, वाशीवरनं आलीस नव्हं? माझ्यापुरती एक पुडी आणायचीस की."