पायाखालचं वर्तमानपत्र

सकाळी पलंगावरून उतरून टाच टेकवली की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. शेवटी मुलुंडमधल्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची ती. तिने मला अनवाणी चालवलं, तळवा दाबत दाबत दुखरी जागा शोधली आणि मी ओरडल्यावर खूश होऊन म्हणाली, "सापडलं!" मग जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं. "काकू, पायाच्या बोटांनी चुरगळत जवळ ओढा. दहा वेळा. मी मोजते."

मी ओढलं आणि लगेच वाकून कागदाला नमस्कार केला. कागदाला पाय लागला की हात आपोआप जातो, त्याला मी काय करू? दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा ती वैतागली. "अहो, अशा वाकत राहिलात तर पुढच्या आठवड्यात कंबर दाखवायला याल!"

मीही तापले. "लहानपणापासूनची सवय अशी जाते का गं?"

"प्रयत्न केला तर जाते," म्हणत ती कागदाऐवजी नॅपकिन आणायला वळली, तोच तिचा पाय खाली ठेवलेल्या माझ्या फाइलला लागला. ती झटकन वाकली, फाइलला हात लावून तो छातीशी नेला आणि मग तिने हळूच माझ्याकडे पाहिलं.

"एक," मी मोजलं.